पिण्याच्या टाकीची गळती कशाने बुजवावी?



पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात साखरशेत नावाचे गाव आहे. नावात साखर असली तरी त्या डोंगरी मुलखात पिकते ती नाचणी, वरई आणि भात. पावसाळ्यात जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो कोसळतो; पण कातळाच्या उतारावरून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी टाकी गळाली तर काय होते, हे सांगायला नको. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी जाते. आपल्याकडेही घरची टाकी, मळ्यातला हौद, तोडणी टोळीच्या कोप्यांजवळचा टँकर यांची हीच गोष्ट.

गळती दिसली की आपण हाताला लागेल ते फासतो. गळती थांबली की काम झाले, असे वाटते. पण जे लुकण पाणी अडवते, ते पिण्याच्या पाण्याला चालतेच असे नाही. पाणी रात्रंदिवस त्याला लागून असते, उन्हाने तापते आणि त्यातून जे सुटते ते थेट लेकराबाळांच्या पोटात जाते.

काय वापरू नये?

१. डांबर : दगडी कोळशाच्या डांबरात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. टाकीच्या आत ते नकोच.

२. शेंदूर व सफेदा : नळाच्या आट्यांना ताग गुंडाळून हे लावायची जुनी रीत होती. शेंदूर व जुना सफेदा म्हणजे शिसेच. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. आयएस 10500 प्रमाणे लिटरभर पाण्यात शिसे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप वापरावी.

३. न्हाणीघराचे सिलिकॉन : यात बहुधा बुरशीनाशक मिसळलेले असते. फरशीला ठीक, पिण्याच्या पाण्याला नाही.

सातपाटीसारख्या बंदरातील मच्छीमार बोटींवरही हाच नियम. बोटीच्या फळ्यांना लावायचा मसाला वेगळा, आतल्या पिण्याच्या टाकीचा वेगळा.

टाकी कशाची, ते पाहा

सिमेंटचा हौद : भेग छिन्नीने रुंद करून घासून धुवावी. एक भाग सिमेंट व तीन भाग धुतलेली वाळू असा घट्ट माल भरून किमान सात दिवस ओला ठेवावा. भेग पुन्हा पुन्हा उघडत असेल, तर पाया खचतो आहे का ते आधी पाहावे. नुसता गिलावा टिकणार नाही.

लोखंडी टाकी : गंज काढून वेल्डिंग करणे उत्तम. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन लोखंड व जस्ताचा पत्रा खाते, ते टाळावे.

प्लास्टिकची टाकी : पॉलिथिनला कुठलाही डिंक धड चिकटत नाही. त्याच जातीचे प्लास्टिक गरम करून जोडणाऱ्या कारागिराकडून सांधा करून घ्यावा.

दुकानात काय विचारावे?

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाणी अडवणारे, एवढाच अर्थ. ‘पिण्याच्या पाण्यासाठी योग्य’ असे डब्यावर लिहिलेले हवे. परदेशी मालावर एनएसएफ 61 किंवा बीएस 6920 ही खूण पाहावी. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर जाऊ नये.

दोन डब्यांचे एपॉक्सी घेतले, तर माप सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घातला, तर उरलेला हार्डनर पाण्यात उतरतो. वरून कोरडे लागले म्हणजे आतून पक्के झाले असे नाही. डब्यावर सात दिवस लिहिले असतील तर सात दिवस थांबावे. काम करताना झाकण उघडे ठेवावे, बंद टाकीत एकट्याने उतरू नये.

शेवटी टाकी घासून धुवावी. हजार लिटर पाण्यात 25 टक्के क्लोरीनची 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून टाकी भरावी, 24 तास ठेवावी, मग सगळे पाणी सोडून द्यावे. ते पाणी माणसाला वा जनावराला पाजू नये. पुन्हा स्वच्छ धुऊन मगच पिण्याचे पाणी भरावे. तरीही औषधी वास येत असेल तर ते पाणी पिऊ नये.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपली टाकी व टोळीचा टँकर एकदा रिकामा करून आतून पाहावा, ही विनंती.