साठ मीटर इकडे, पाचशे मीटर तिकडे

“मावशी, घाट कुठे गेला?”

लोणावळ्याच्या बाजारात सायकल उभी करून माझा भाचा मला विचारत होता. आदल्या रात्री त्याला धड झोप लागली नव्हती. सकाळी कामशेतहून निघून सायकलने सह्याद्रीवर जायचं, म्हणजे केवढा चढ असेल! पण मावळातल्या आतल्या रस्त्यांनी, भातखाचरांच्या कडेकडेने, इंद्रायणी तांदळाच्या वासात आम्ही पंधरा-सोळा किलोमीटर आलो, तरी त्याला म्हणावा तसा चढ लागलाच नाही. लोणावळ्याची पाटी मात्र आली.

त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आणि लोणावळा सुमारे ६२० मीटर. दोन्हींच्या मध्ये रेल्वेने ६४ किलोमीटर अंतर. म्हणजे एवढ्या लांब वाटेवर आपण जेमतेम साठ मीटर वर येतो! पायांना ते कळतसुद्धा नाही. आणि खंडाळ्याच्या पलीकडे खोपोलीला उतरायचं तर बारा-पंधरा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरच्या आसपास खाली. एकच डोंगर, पण एका अंगाने ओसरीसारखा आणि दुसऱ्या अंगाने भिंतीसारखा. असं का, ते सांगते. त्यासाठी आधी स्वयंपाकघरात जाऊ.

आई तव्यावर धिरडं घालते तेव्हा पीठ कसं पसरतं, बघितलंय ना? मध्ये ओतलं की सगळीकडे सारखं जातं, ढीग होत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा काकवीसारखा वाहत बाहेर आला. चित्रातल्या ज्वालामुखीसारखा टोकदार डोंगर झाला नाही, लाव्हा नुसता पसरत गेला. तो थिजला, त्यावर पुन्हा नवा आला. एकावर एक धिरडी रचावीत तसे थर साचत गेले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग या काळ्या दगडाखाली, म्हणजे बसाल्टखाली, गेला.

धिरड्याला वरून जाळी पडते, आठवतंय? वाफ बाहेर पडताना ती छिद्रं होतात. लाव्ह्यातही वायू असतो. तो वर यायला बघतो, तेवढ्यात वरचा भाग थिजतो आणि बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून थराचा माथा जाळीदार असतो आणि पोट घट्ट. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं की काही छिद्रांत पांढरे चमकदार स्फटिक तयार होतात. त्यांना झिओलाइट म्हणतात. मावळात रस्त्याकडेच्या खडकात पांढरे ठिपके दिसले तर थांबून जवळून बघा.

आता पाऊस कामाला लागतो. जाळीदार भाग लवकर झिजतो, तिथे उतार होतो, माती साठते, गवत आणि झाडं येतात. घट्ट भाग सहज झिजत नाही, तो कड्यासारखा सरळ उभा राहतो. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. झाला जिना! स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात, त्यावरूनच या खडकांना ‘दख्खनचे ट्रॅप’ म्हणू लागले. आपल्या लोकांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी कड्याखालच्या सपाट पट्टीला ‘माची’ असं नाव देऊन ठेवलं होतं. खंडाळ्यासमोरच्या राजमाचीच्या नावात तीच आहे. तिथे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले वरच्या पायरीवर आणि गाव खालच्या पायरीवर वसलेलं आहे. कड्यांमध्ये कुठे विटकरी रेघ दिसली तर तीही ओळखून ठेवा. एक थर थिजून दुसरा येईपर्यंत पुष्कळ काळ गेला, मधल्या वेळात वरचा दगड कुजून माती झाली आणि मग नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली. ती रेघ म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली विश्रांती!

आणि एक गोष्ट मला फार आवडते. भूवैज्ञानिकांनी या थरांचे गठ्ठे करून त्यांना नावं दिली आहेत. खालून वर मोजत गेलं तर नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर आणि मग खंडाळा. दख्खनच्या लाव्ह्याचा अभ्यास करणारा माणूस जगात कुठेही असो, त्याच्या वहीत ‘खंडाळा’ हा शब्द असणारच.

मग पुण्याकडून हा जिना लागत का नाही? कारण आपण आधीच जिन्याच्या वर असतो! पुणे, कामशेत, लोणावळा ही सगळी गावं पठारावर आहेत. जिना आहे तो पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला.

तो जिना कोरला नद्यांनी. लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. ती पूर्वेला जाते, तुळापूरला भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. हजार किलोमीटरहून जास्त लांबचा प्रवास, म्हणून तिला घाई नाही. रुंद खोरं, संथ पाणी, दोन्ही काठांना भात. राजमाचीच्या दरीतून निघालेली उल्हास मात्र पश्चिमेला धावते. तिची सगळी लांबी सुमारे १२० किलोमीटर. त्यात पहिल्याच दमात शेकडो मीटर खाली उडी! उतार जितका जास्त तितकं पाणी जोरात धावतं आणि तितके दगडगोटे घासत, कोरत नेतं. म्हणून तिची दरी अरुंद, खोल, कड्यांनी वेढलेली. कोकणात उतरणाऱ्या अशा नद्या आपल्या उगमाकडे, मागे मागे, डोंगर खात जातात. सह्याद्रीची कड लाखो वर्षं अशीच हळूहळू पूर्वेकडे सरकत आली आहे.

या उताराचा उपयोग माणसांनीही करून घेतला. लोणावळा, वलवण आणि शिरवता ही धरणं टाटांनी बांधली. जे पाणी पूर्वेला गेलं असतं, ते मोठ्या नळांमधून पश्चिमेला खोपोलीत पाचशे मीटर खाली सोडलं. १९१५ पासून त्या पाण्यावर वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी वाट बदलून पाताळगंगेतून अरबी समुद्राला जातं!

आगगाडीचीही गंमत ऐका. १८६३ मध्ये याच उतारावरच्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तिथला चढ ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, इतका. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटतो, पण लोखंडी रुळांवर लोखंडी चाकं घसरायला बघतात, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात. ‘बँकर’ म्हणतात त्यांना. घाटात शिंगरोबा धनगराचं देऊळ आहे. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, असं लोक सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. रोज गुरं-मेंढरं घेऊन डोंगर चढणाऱ्याला सोपा चढ कुठे आहे ते पायांनीच ठाऊक असतं.

सायकलवाल्यांनाही असंच पायांनी कळतं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. किती ताकद लागते त्याला? चला, हिशोब करू. तुम्ही ३५ किलोचे आणि सायकल १५ किलोची, मिळून ५० किलो. हे वजन ५०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे साधारण ६० किलोकॅलरी. एका पोळीत शंभरच्या आसपास असतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण पोळीत काम झालं? नाही! आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायांच्या कामाला लावू शकतं, बाकीची उष्णता होते. म्हणून तर घाम येतो. तेव्हा जवळजवळ अडीच पोळ्या लागणारच. गिअर हलका केला तरी त्या कमी होत नाहीत. फक्त एकदम जोर लावण्याऐवजी थोडा थोडा जोर जास्त वेळा लावता येतो. घाटातली वळणं हेच करतात, सरळ चढ लांबवून सोपा करतात.

बोरघाटात मात्र तुम्ही सायकल घालायची नाही. जुन्या रस्त्याला अवजड ट्रक असतात आणि द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे. तुमच्यासाठी मोठ्यांच्या सोबतीने मावळातले आतले रस्ते. कामशेतहून नाणे मावळात शिरा. नाहीतर बेडसे लेण्यांवरून पवनानगरला जा, तिथून पवना धरणाच्या काठाने, तिकोना आणि तुंग हे किल्ले बघत. दिवाळीच्या सुट्टीत ओढे अजून वाहत असतात आणि हवा स्वच्छ असते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, तापतो. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

भाच्याला मी त्या दिवशी घाट दाखवायला कुरवंड्याला नेलं. गावाच्या पुढे जमीन संपते. समोर नागफणीचा सुळका, खाली कोकणाची धूसर हिरवाई, आणि कुरवंडे घाटाची जुनी वाट उंबरखिंडीकडे उतरत गेलेली. त्याच खिंडीत १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मुघल फौजेला गाठलं होतं. भाचा कड्यापासून चांगला लांब, माझा हात धरून उभा होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग बाटली काढून तो घोटभर पाणी प्यायला, उरलेलं त्याने मातीवर ओतलं आणि वाकून, ते कुठल्या बाजूला वाहतंय ते बघत बसला.