पिवडी की काव?

दिवाळी जवळ आली की घर रंगवायला निघते. समजा, तुमचे माजघर रंगवायचे आहे. कारभारीण म्हणते, चुन्यात नुसती पिवडी घाला. कारभारी म्हणतो, छे! त्यात थोडी काव टाकू, केशरी झाक येईल. वाटीत कालवले तर दोन्ही रंग जवळजवळ सारखेच दिसतात. मग भांडण कशाला? पण भिंतीवर फरक पडतो हो, आणि तो पुढच्या दिवाळीपर्यंत डोळ्यांपुढे राहतो.

पिवडी म्हणजे पिवळी माती. काव म्हणजे गेरू, लाल माती. दोघींचा रंग लोखंडाच्या गंजाचा. पिवडी खूप तापवली तर तीही लाल होते! अजिंठ्याच्या चित्रांत असेच मातीचे पिवळे-तांबडे रंग आहेत. सुमारे दीड हजार वर्षे होऊनही ते दिसतात. हे रंग चुन्याने बिघडत नाहीत.

आता परीक्षा करा. दोन वाट्यांत सारखा चुना घ्या. एकीत पिवडी घाला. दुसरीत तेवढीच पिवडी आणि थोडी काव. किती चमचे घातले ते कागदावर लिहून ठेवा. आता लिहिता येते ना! नाहीतर पुढची बादली वेगळ्याच रंगाची होते. चुन्याला हात लावू नका, डोळ्यांत उडू देऊ नका.

भिंतीवर हातभर लांबरुंद दोन चौकोन रंगवा. मधे वीतभर जागा कोरी सोडा. चिकटून काढले तर पिवळा अधिक पिवळा दिसतो नि केशरी अधिक लाल. ओला रंग गडद दिसतो, म्हणून दोन दिवस वाळू द्या. मग सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा. मावळतीकडे खिडकी असेल तर संध्याकाळच्या उन्हात केशरी भिंत फार तांबडी दिसते. खोलीत ऊन येतच नसेल तर तीच भिंत काळवंडल्यासारखी वाटते.

मला विचाराल तर माजघराला नुसती पिवडी बरी. आपल्याकडे माजघराला खिडकी लहान. काव उजेड खाते. तिथे बायकांना तांदूळ निवडायचे असतात, पोरांना वाचायचे असते. म्हातारीला सुई ओवायची असते. ओसरीवर मात्र काव खुशाल घाला. तिथे उजेडाला तोटा नाही.

आणि उरलेल्या कावेचा भिंतीच्या पायाशी हातभर पट्टा ओढा. पाठ टेकल्याचे डाग त्यावर चटकन दिसत नाहीत.