आहारात मात्रा, चालण्यात सातत्य

पिंपरी, आकुर्डी, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात असंख्य कुटुंबांचे जीवन कारखान्याच्या पाळीवर चालते. पाळी बदलली की जेवणाची व झोपेची वेळ बदलते. मधल्या सुट्टीत गोड चहा आणि वडापाव हाताशी असतो. पायी चालणे तर राहिलेच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. घरातील कमावता माणूस आजाराने खिळला तर मुलांचे शिक्षणही अडते. म्हणून हा प्रश्न संपूर्ण कुटुंबाचा आहे.

जुनी सवय एका दिवसात सुटत नाही. संयुक्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. राजा भरपूर जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्यास उपवास करावयास सांगितले नाही. जेवताना सजग राहून मात्रा ओळखावी, एवढेच एका गाथेत सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणास ती गाथा रोज भोजनसमयी म्हणण्यास नेमले व त्यासाठी दररोज शंभर कार्षापण देऊ केले. क्रमाक्रमाने राजाचा आहार एक नाळी भातावर आला व शरीर हलके झाले. सजगता, क्रम आणि आठवण देणारा सोबती, या तीन गोष्टी आपणही घ्याव्यात.

सुरुवात चहापासून करू. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर सुमारे ४० ग्रॅम होते. म्हणजे एका माणसाच्या चहालाच महिन्याला किलोहून जास्त साखर! पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक कपात अर्धा चमचा कमी करावा; जीभ सरावली की आणखी अर्धा. त्यानंतर ताटात भाजी व उसळ वाढवावी, भात कमी करावा. रात्रपाळीस घरून जेवून निघावे. डब्यात फुटाणे, काकडी ठेवावी. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यात धरावे.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. आजार कमी होणे व अन्न नीट पचणे हे त्यांपैकीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे व्यायाम सांगते. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटे चालावे व दर आठवड्यास ५ मिनिटे वाढवावीत. पाचव्या आठवड्यात ३० मिनिटे होतात. आठवड्यातून पाच दिवस चालले की १५० मिनिटे भरली. कंपनीच्या बसमधून एक थांबा आधी उतरावे. सुट्टीच्या दिवशी निगडीची दुर्गा टेकडी आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या देहूरोडच्या विहारात जवळपासच्या कुटुंबांनी पायी जावे. मधुमेहाची किंवा हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार व व्यायाम बदलावा.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरचे सुदर्शन तुम्ही व्हा. आई-वडिलांच्या ताटाशेजारी बसा, प्रेमाने आठवण द्या आणि जेवणानंतर त्यांना बरोबर घेऊन चालायला निघा. शंभर कार्षापण मिळणार नाहीत. पण आई-वडिलांचे निरोगी आयुष्य लाभेल.