ओवाळणीचे तबक आणि मुलांची वही

दीपावलीच्या दिवसांत लक्ष्मी आपल्या घरी किती रूपांनी येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य होतो. अमावास्येच्या सायंकाळी चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, चांदीचा रुपया, लाह्या-बत्तासे आणि हळदकुंकू वाहिलेली नवी केरसुणी मांडली जाते. पेढीवर कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ उमटतो. पाडव्याला पत्नी पतीस ओवाळते तेव्हा तबकात काही पडते, आणि भाऊबीजेला तर ओवाळणीवाचून सोहळाच पुरा होत नाही. हा सारा द्रव्यव्यवहार घरातील मुले डोळे भरून पाहत असतात. त्यातून ती नेमके काय शिकतात, हा प्रश्न आम्हांस बरीच वर्षे पडलाच नव्हता. तो पडला तो एका भाऊबीजेला, आणि विचारला आमच्या कन्येने.

ती तेव्हा दहा वर्षांची होती, चिरंजीव सात वर्षांचे. पाटाभोवती रांगोळी, चिरंजीवांच्या डोक्यावर टोपी, समोर निरांजन लावलेले तबक. ओवाळून होताच आम्ही नेहमीच्या सवयीने शंभराची नोट चिरंजीवांच्या मुठीत सरकवली, त्यांनी ती तबकात टाकली, आणि क्षणभरात आमच्या सौभाग्यवतींनी ती उचलून “मी ठेवते हं सांभाळून” असे म्हटले. तेव्हा कन्येने अगदी शांतपणे विचारले, “आई, मागच्या वर्षीची कुठे ठेवली आहेस?”

आजीपासून सारे हसले. आम्हीही हसलो. परंतु त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मागच्या वर्षीची ओवाळणी, मामाने गणपतीत हातावर ठेवलेले पैसे, वाढदिवसाची पाकिटे, हे सारे वाण्याच्या बिलात आणि विजेच्या बिलात केव्हाच विरून गेले होते. घरचाच पैसा घरासाठी खर्च झाला, त्यात गैर ते काय, असे आम्ही त्या रात्री एकमेकांस समजावून पाहिले. पण मन मानेना. कारण आम्ही “घेते” असे म्हटले नव्हते, “सांभाळून ठेवते” असे म्हटले होते.

विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेल्या द्रव्यास आपल्या शास्त्रकारांनी ‘निक्षेप’ असे नाव दिले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणानंतर लगेच दुसरे स्थान निक्षेपाचे आहे. त्याच अध्यायात बालकाला वारशाने आलेले धन त्याचे बालपण सरेपर्यंत राजाने राखावे असा दंडक आहे. तुकोबारायांचे चरित्र तर घरोघरी ठाऊक आहे. सावकारीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली हे आपण कौतुकाने सांगतो. पण बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांनी आधी कान्होबांच्या हाती दिला. वैराग्यदेखील दुसऱ्याच्या पैशाने करायचे नसते, हे त्या पुण्यपुरुषाने जाणले होते. आम्ही मात्र दहा वर्षांच्या मुलीच्या ठेवीतून वाण्याची उधारी भागवली होती!

आणि चिरंजीवांचे काय? त्यांनी बहिणीस काय दिले? बापाची नोट बापाच्या हातून घेऊन चार बोटे पुढे सरकवली, इतकेच. देवळात आरतीच्या ताटात मुलांकडून आपण जे नाणे टाकवतो, त्याचीही हीच कथा. देताना स्वतःचे काही कमी झाले नाही, तर ते देणे मुलाच्या मनाला शिवतच नाही. त्यातून आता ओवाळणीदेखील मोबाइलवरून येऊ लागली आहे. दुकानात चौकोनी चित्रापुढे फोन धरला की वस्तू हाती येते. पैसा गेल्याचे मुलाला दिसत नाही आणि आल्याचेही दिसत नाही. आमच्या बालपणी निदान मातीचा गल्ला हलवून पाहता येत असे.

या पेचातून वाट दाखविली ती नाथांच्या एका कथेने. देवगिरीच्या गडावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एके दिवशी एका पैची चूक राहिली. एक पै म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल: १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वी एका रुपयाच्या १९२ पै होत. तेवढ्या एका पैसाठी नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवते झाले. स्वामी जागे झाले आणि म्हणाले की, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! कीर्तनकार या कथेचा रोख परमार्थाकडे नेतात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या दिवशी दिवा आणि वही तेवढी दिसली. लक्ष्मीपूजनाला आपण वही पूजतो, पण घरातील मुलाच्या हाती ती देत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही लाल पुठ्ठ्याच्या दोन लहान वह्या आणल्या. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे, खाली शिल्लक. चिरंजीवांस दर रविवारी १० रुपये व कन्येस २० रुपये खाऊसाठी ठरले, आणि सणावारी कोणी काही दिले तर तेही त्यांच्याच डब्यात. एक नियम आम्ही स्वतःवर घालून घेतला, आणि तोच सर्वांत कठीण गेला: मुलांच्या खर्चात बोलायचे नाही. पुढच्या दिवाळीत चिरंजीवांनी वसुबारसेलाच १२० रुपयांचे फटाके आणले आणि नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत संपवले. शेजारची मुले पाडव्याला भुईनळे लावीत असता ते गॅलरीत उभे राहिले. आजीचा हात कनवटीकडे गेला होता, आम्ही खुणेने थांबवला. त्या रात्री आम्हांसही जेवण गोड लागले नाही, हे कबूल करतो. त्यांच्या वहीत मात्र त्या दिवशी प्रथमच कोणी न सांगता ‘फटाके १२०’ असे ठळक लिहिलेले आढळले.

त्याच वर्षीच्या भाऊबीजेला चिरंजीवांच्या मुठीत आम्ही काही ठेवले नाही. त्यांनी आपल्या डब्यातून २१ रुपये काढले. त्यांत एकेक रुपयाची बरीच नाणी होती. आजीला ते रुचले नाही. “लोक काय म्हणतील, घरात काय एवढी ददात आहे?” असे ती म्हणालीच. पण चिरंजीवांनी ती नाणी तबकात एकेक मोजून टाकली, आणि निरांजन विझते की काय असे वाटेपर्यंत त्यांची बहीण तबक धरून उभी राहिली.

कन्येच्या नावे आता पोस्टात बचत खाते आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास ते स्वतःच्या सहीने चालविता येते, आणि ५०० रुपयांवर उघडता येते. सही नमुन्याप्रमाणे यावी म्हणून तिने घरी दोन पाने भरून सराव केला होता.

राहिली ती जुनी बाकी. वही आणली त्याच दिवशी कन्येने पहिल्या पानावर लिहिले होते, ‘आईबाबांकडून येणे’. पुढे आकडा घालण्यासाठी आम्ही व सौभाग्यवतींनी बसून जमेल तितके आठवले, आणि १,१५० रुपयांवर तिघांचे एकमत झाले. एकरकमी देता आले असते. पण मार्गशीर्षापासून दरमहा ५० रुपये द्यावेत, असे कन्येनेच सुचविले. ‘विसरलात तर मला कळेल’, हे तिचे कारण. दोन वेळा खरोखरच विसरलो, आणि तिने वही पुढे केली. तेविसावा हप्ता दोन वर्षांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फिटला. सायंकाळी पूजेची मांडणी चालू असता तिने त्या ओळीवर पट्टीने रेघ मारली, बाजूला तारीख घातली, आणि वही चौरंगावर केरसुणीशेजारी नेऊन ठेवली.