चौदाव्या दिवशी उघडणारा मेसेज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची ट्रॉली आधी भरलेली तोलतात, गव्हाणीत रिकामी झाल्यावर पुन्हा तोलतात आणि शेतकऱ्याच्या नावाने काटापावती निघते. तिथून कायद्याची मुदत सुरू होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराची, रक्कम द्यायची. दिली नाही तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. माळशिरस, माढा, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात गाळप हंगाम भरात आला की रात्रंदिवस पावत्या फाटत असतात. समजा, या प्रत्येक पावतीची १४ दिवसांनी आपोआप तपासणी व्हावी आणि पैसे थकले असतील तर व्याजाची नोंद पडावी, अशी संगणकप्रणाली बांधायची आहे. प्रोग्रामरला सहज सुचणारा मार्ग म्हणजे सर्व्हिस बसच्या (एका प्रोग्रामचे मेसेज दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या सेवेच्या) क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, आजच मेसेज टाकायचा आणि तो १४ दिवसांनी उघडेल असे सांगून ठेवायचे. मार्ग चांगलाच आहे. पण उशिराचा मेसेज म्हणजे पुढच्या तारखेला हमखास पाळला जाणारा हुकूम, अशी समजूत त्यामागे असेल तर प्रणाली चुकते, आणि त्या चुकीची किंमत शेतकऱ्याच्या व्याजात मोजावी लागते.

सर्वात बाळबोध समज असा, की मेसेज लगेच उचलायचा आणि काम करणाऱ्या प्रोग्रामलाच तेवढा वेळ थांबवून ठेवायचे. सर्व्हिस बस अशा थांबण्यासाठी बनलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर सर्व्हिस बसमध्ये उचललेल्या मेसेजवर जे लॉक बसते, त्याची मुदत जास्तीत जास्त ५ मिनिटांची. तेवढ्यात काम झाल्याचे कळवले नाही तर मेसेज पुन्हा क्यूमध्ये दिसू लागतो आणि दुसरा प्रोग्राम तो उचलतो. मूळ मांडणीत असे १० प्रयत्न फसले की मेसेज डेड-लेटर क्यूमध्ये, म्हणजे फसलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, जाऊन पडतो, आणि तिकडे कोणी पाहिले नाही तर ती पावती विसरली गेली असेच समजायचे. लॉक पुन्हा पुन्हा वाढवता येते हे खरे. पण १४ दिवसांत सर्व्हर एकदाही बंद पडणार नाही, नवी आवृत्ती चढवली जाणार नाही, या भरवशावर शेतकऱ्याचा हिशोब टाकणे शहाणपणाचे नाही. थांबण्याचे काम क्यूवर सोपवावे: मेसेज पाठवतानाच तो केव्हा उपलब्ध व्हावा ती वेळ त्यावर लिहावी.

ही वेळ लिहिली की मेसेज त्या ठोक्याला पोचेल, हा दुसरा गैरसमज, आणि तो जाणत्यांमध्येही आढळतो. ती वेळ म्हणजे ‘याच्या आधी नाही’ एवढेच वचन. प्रत्यक्षात मेसेज केव्हा मिळेल ते क्यूवरच्या भारावर आणि उचलणारे प्रोग्राम किती मोकळे आहेत त्यावर ठरते. त्यात घड्याळाचा घोळ वेगळाच. सर्व्हिस बसला वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत द्यावी लागते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. कारखान्याचा काटा रात्रीही चालू असतो. १ डिसेंबरला पहाटे ३ वाजता तोललेली ट्रॉली यूटीसीत ३० नोव्हेंबरच्या रात्री साडेनऊची ठरते. तारीख तिथून मोजली की मुदत एक दिवस आधी संपल्याचे दिसते आणि व्याजाचा आकडा चुकतो. म्हणून मुदत भारतीय तारखेने ठरवावी आणि मेसेजची वेळ तिच्यावरून काढावी. उलटे करू नये.

तिसरा समज असा, की एक मेसेज एकदाच पोचतो. क्यूची नेहमीची हमी ‘निदान एकदा’ अशी असते. काम पूर्ण झाले, पण तसे कळवण्याआधी प्रोग्राम कोसळला, तर तोच मेसेज परत येतो. दुहेरी मेसेज ओळखण्याची सोय अ‍ॅझ्युअरमध्ये आहे, परंतु तिची आठवण जास्तीत जास्त ७ दिवसांची. त्याच पावतीचा मेसेज आठव्या दिवशी चुकून पुन्हा पाठवला गेला तर ती सोय गप्प बसते. व्याजाची नोंद दोनदा पडू नये याची खबरदारी डेटाबेसमध्येच घ्यावी लागते: पावती क्रमांकावर एकच नोंद, दुसरी आली तर नाकारायची.

या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मेसेजमध्ये लिहायचे काय. ‘अमुक पावतीचे पैसे थकले, व्याज लावा’ असे आज लिहून ठेवले आणि नवव्या दिवशी बिल जमा झाले, तर चौदा दिवसांनी तो मेसेज खोटे बोलणार. यावर उत्तर मिळते की बिल जमा होताच मेसेज रद्द करू. रद्द करता येतो, पण त्यासाठी पाठवताना मिळालेला अनुक्रमांक जपून ठेवावा लागतो, आणि मेसेज एकदा सक्रिय झाला की तो क्रमांक त्या कामाला उपयोगी पडत नाही. बिल शेवटच्या दिवशी संध्याकाळी जमा झाले तर रद्द करणे आधी की उघडणे आधी, याची शर्यतच लागते. शिवाय पैसे भरण्यापलीकडेही जग बदलते. एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. ज्या मेसेजच्या पोटात जुन्या नियमाने काढलेली रक्कम लिहिलेली असेल, त्याला हा निकाल कोण सांगणार? म्हणून मेसेजने फक्त ‘या पावतीकडे आता पाहा’ एवढेच म्हणावे. किती देणे होते, किती दिले, नियम कोणता, हे उघडल्या क्षणी डेटाबेसला विचारावे. मग मेसेज रद्द झाला नाही तरी बिघडत नाही. पैसे आलेले दिसले की काम तिथेच संपते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सगळी माहिती डेटाबेसातच आहे, तर रोज पहाटे मुदत संपलेल्या पावत्या शोधणारा एक साधा प्रोग्राम का नको? १४ दिवसांच्या कायदेशीर मुदतीसाठी तो हवाच, असे माझे स्पष्ट मत आहे. लांबच्या तारखा पेलण्यात सगळ्या क्यू सारख्या नसतात. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये मेसेज जास्तीत जास्त १५ मिनिटेच मागे ठेवता येतो. रॅबिटएमक्यूमध्ये मुदत संपलेला मेसेज डेड-लेटरकडे वळवून उशीर साधतात, पण नेहमीच्या रांगेत १४ दिवसांचा मेसेज पुढे असेल तर त्याच्यामागचा दोन दिवसांचा मेसेज वेळ होऊनही अडकून राहतो. शिवाय पावती डेटाबेसात नोंदली गेली आणि मेसेज जाण्याआधीच वीज गेली, तर त्या पावतीची आठवण करणारे क्यूमध्ये कोणीच नसते. रोजच्या फेरीत मात्र ती सापडते.

उशिराच्या मेसेजची खरी जागा जवळच्या वेळेत आहे. बँकेकडून उत्तर आले नाही, १० मिनिटांनी पुन्हा विचारा. शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस गेला नाही, अर्ध्या तासाने परत पाठवा. अशा वेळी हजारो कामांच्या हजारो वेगवेगळ्या वेळा क्यू बिनबोभाट सांभाळते आणि रोजची फेरी तिथे फार उशिराची ठरते. ऊसबिलाची प्रणाली बांधणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की चाचणीच्या दिवशी क्यू मुद्दाम पूर्ण रिकामी करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा: मुदत संपलेली प्रत्येक काटापावती तरीही सापडली पाहिजे.