जीप निर्लेखित, चालक हजर

सरकारी कार्यालयात अंदाजपत्रकाचं काम गेल्या वर्षीच्या फाइलपासून सुरू होतं. मागच्या तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मंजूर तरतूद, सुधारित अंदाज आणि शेवटी पुढच्या वर्षाची मागणी, असे तक्त्याचे रकाने. वेतन, प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च, पेट्रोल-तेल-वंगण ही उद्दिष्टशीर्षं एकाखाली एक येतात. शेवटच्या रकान्यात लिपिक दहा टक्के वाढवून आकडा टाकतो, साहेब सही करतात, तक्ता वरच्या कार्यालयात रवाना होतो. वर कात्री लागणार हे धरूनच ते दहा टक्के लावलेले असतात. हे काम मुळात चालू ठेवायचं का, हे कुठल्याच रकान्यात लिहावं लागत नाही.

शून्याधारित अर्थसंकल्पात नेमकं तेच आधी लिहावं लागतं. पीटर पायर यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत ही पद्धत बसवली आणि १९७० मध्ये तिच्यावर लेख लिहिला. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी ती आपल्या राज्यात नेली आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९७७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांना लागू केली. महाराष्ट्राने ती हाती घेतली १९८६ मध्ये, शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्यावर. शंकररावांना लोक हेडमास्तर म्हणत, आणि गृहपाठ तपासल्यासारखा खर्च तपासण्याची ही कल्पना त्यांच्या स्वभावाला धरून होती. मी तेव्हा एका जिल्हा कार्यालयाच्या लेखाशाखेत कनिष्ठ लिपिक होतो.

काम असं असायचं. कार्यालयाच्या कामाचे घटक पाडायचे. प्रत्येक घटकासाठी वेगळा कागद. हे काम कशासाठी, त्याचा लाभ कोणाला, उद्यापासून बंद केलं तर कोणाचं काय अडेल, हेच काम दुसऱ्या कोणत्या मार्गाने होईल, हे सगळं त्यावर लिहायचं. मग पैशांच्या पातळ्या: ज्याच्याखाली काम होऊच शकत नाही ती किमान, आज चालली आहे ती, आणि वाढवायची असल्यास ती. शेवटी सगळे कागद प्राधान्यक्रमाने लावायचे. पैसे जिथे संपतील तिथे रेघ मारायची आणि रेघेखालचं सोडून द्यायचं.

आमच्याकडे वाहन या घटकाचा कागद भरायला घेतला आणि घोडं पहिल्याच ओळीत अडलं. जीप निर्लेखित होऊन लिलावात गेली होती. नवी मंजूर नव्हती. पेट्रोल आणि दुरुस्तीची तरतूद मात्र दरवर्षी येत होती, कारण आदल्या वर्षी ती आलेली होती. मार्चमध्ये तिचं पुनर्विनियोजन व्हायचं आणि ती कार्यालयीन खर्चात जिरायची. सगळं नियमाला धरून, आदेशाच्या प्रतीसकट. साहेबांनी हेडक्लार्कना विचारलं, "गाडीच नाही, तर पेट्रोल कशाला मागतो आपण?" हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, एकदा सोडलं तर पुढे गाडी मिळाल्यावर ते शीर्ष परत उघडून घेताना नाकी नऊ येतील." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

चालकही होता. रोज वेळेवर यायचा, हजेरीपटावर सही करायचा. "बंद केल्यास काय अडेल" या ओळीत त्याच्याबद्दल काय लिहायचं म्हणून आम्ही तो दिवसभर काय करतो याची नोंद काढली. देयकं कोषागारात पोहोचवणं, टोकन घेणं, आक्षेप लागून आलेली देयकं परत आणणं, टपाल वाटणं, हे सगळं तोच करत होता. शिपायाचं एक पद बऱ्याच काळापासून रिक्त होतं आणि ते काम गाजावाजा न होता याच्या अंगावर आलं होतं. कार्यालयात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण ती कागदावर आली पहिल्यांदाच. तक्ता भरत असताना तो माझ्या टेबलापाशी आला आणि विचारलं, "भाऊसाहेब, माझं नाव शून्यात धरलंय का हो?" पद राहिलं, पेट्रोल आणि दुरुस्ती गेली. रक्कम लहानशी होती. तरीही तो कागद मला मोलाचा वाटतो.

त्याच तक्त्यांत दुसरीही गोष्ट शिकायला मिळाली. प्राधान्यक्रम लावताना अनुभवी अधिकारी ज्याला हात लावायची कोणाची छाती होणार नाही असं काम मुद्दाम तळाला ठेवतात. औषधं, टंचाईतलं पाणी रेघेजवळ आणि सभागृहाचं फर्निचर बरंच वर. मग रेघ मारणारा रेघच खाली सरकवतो आणि फर्निचर आपोआप पदरात पडतं. ही लबाडी पकडायला कामाची जागा पाहिलेला माणूस लागतो. मंत्रालयात बसून नुसता कागद वाचणाऱ्याला ती दिसत नाही.

आणि वाचणार तरी किती? जॉर्जियात असे सुमारे दहा हजार कागद तयार झाले होते. एकेकाला एकच मिनिट दिलं आणि रोज चार तास बसलं तरी चाळीसहून जास्त दिवस लागतात. रेगन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ मध्ये अमेरिकेने केंद्रात ही पद्धत सोडली. आपल्याकडे वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांना शून्यावर आणताच येत नाही, आणि राज्याच्या महसुलाचा मोठा वाटा तिथेच जातो. पुढच्या वर्षी आमच्याकडे आदल्या वर्षीचा शून्याधारित तक्ता समोर घेऊन नवा भरला गेला. वाक्यं तीच, आकडे दहा टक्के वाढवलेले. सगळ्या खात्यांना दरवर्षी सगळं पहिल्यापासून लिहायला लावलं की याहून वेगळं काही होणं कठीण आहे.

माझं मत असं की दरवर्षी मोजक्याच खात्यांची पाळी लावावी आणि तपासणाऱ्याने तालुक्याच्या कार्यालयात जाऊन, हजेरीपट आणि साठा नोंदवही समोर ठेवून तो कागद तिथल्या माणसांबरोबर भरावा. त्याहून महत्त्वाचं, वाचलेल्या पैशातला काही भाग त्याच कार्यालयाला राहू द्यावा. आज एखाद्याने प्रामाणिकपणे लिहिलं की ही तरतूद नको, तर रक्कम समर्पित होते, पुढच्या वर्षीचा आकडा खाली येतो आणि त्याच्या पदरी काहीच पडत नाही. आमच्या पेट्रोलचे पैसे गेले तेव्हा शिपायाचं रिक्त पद भरून मिळालं असतं, तर पुढच्या वर्षी हेडक्लार्कनी आणखी दोन शीर्षं स्वतः काढून दाखवली असती. अशी शीर्षं कोणती, हे त्यांना तोंडपाठ होतं.