टॅक्सीचा परवाना आणि तीस दिवस

गोष्ट २०१४ सालच्या श्रावणातली आहे. शाळा सुटून हजेरीपटावर शेवटची सही करीत असता आमचा एक जुना विद्यार्थी पावसाने निथळत दाराशी येऊन उभा राहिला. वर्गात असताना हा मुलगा व्याकरणात कच्चा आणि गणितात पक्का होता. वडील लवकर गेल्यामुळे दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले आणि दहा-अकरा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालविल्या. आता आईच्या पाटल्या मोडून आणि बँकेचे कर्ज काढून त्याने स्वतःची गाडी घेतली होती. टॅक्सीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. आणि त्या अर्जाचे उत्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने आमच्यापुढे ठेवले. हिंदीतील एकच ओळ होती. शहरात टॅक्सींची संख्या पुरेशी असल्याने अर्ज नामंजूर, एवढाच तिचा मथितार्थ.

"सर, एक चांगला विनंतीअर्ज लिहून द्या. साहेबांचे मन वळेल असा."

माळव्यातील ज्या शहरात आम्ही राहतो तेथील मराठी घरांत ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. दरबार गेले, संस्थाने गेली, तरी सरकारी कागद म्हणजे धन्याची मर्जी, ही भावना गेली नाही. त्यामुळे नकार आला की आपण विनवणी तरी करतो, नाही तर ओळखीचा माणूस तरी शोधतो. नकाराला कारण विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे आपल्या मनातच येत नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी ते आमच्याही मनात आले नव्हते. आम्ही कागद व लेखणी घेऊन "सविनय" हा शब्द लिहिलाही होता. तेवढ्यात त्या पत्रावरील तारखेकडे लक्ष गेले. पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते. एवढे दिवस कुठे होतास, असे विचारता तो म्हणाला, "ओळख शोधत होतो."

तारीख पाहून आम्हांला आमच्या एका बालमित्राची आठवण झाली. ते वकिली करतात आणि मुदतीच्या बाबतीत देवालाही क्षमा करीत नाहीत. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो.

वकीलसाहेबांनी पत्र वाचले आणि ते मोठ्याने हसले. "हा नकार पंचवीस वर्षे जुना आहे," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे येथे थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण सारे प्रकरण पुढे त्यावरच उभे राहिले. इंग्रजी अमदानीतील १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे भाड्याच्या गाडीला परवाना देताना अधिकाऱ्याने आणखी गाड्यांची जनतेला गरज आहे की नाही, हे पाहायचे असे. गाड्या पुरेशा आहेत, हे त्या काळी नकाराचे कारण होऊ शकत होते. परंतु तो कायदा गेला. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याच्या ८० व्या कलमाने दृष्टीच फिरविली. अर्ज केव्हाही करता येतो आणि अधिकाऱ्याने तो सामान्यतः नाकारू नये, असे ते कलम सांगते. पाच लाखांहून कमी वस्ती नसलेल्या शहरात गाड्यांच्या संख्येवर मर्यादा घालता येते खरी; पण त्यासाठी ७४ व्या कलमाखाली रीतसर अधिसूचना काढून आकडा ठरवावा लागतो. अधिकाऱ्याच्या मनातला "पुरेसा" हा शब्द म्हणजे आकडा नव्हे. शिवाय परवाना नाकारायचाच झाला तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधीही द्यावी लागते. आमच्या विद्यार्थ्याला कोणी बोलावलेच नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मिथिलेश गर्ग यांच्या प्रकरणात या उदार धोरणावर शिक्कामोर्तब केले होते. गंमत अशी की तेथे न्यायालयात गेलेले लोक नवखे नव्हते. ते उत्तर प्रदेशातील जुने परवानाधारक होते, आणि नव्यांना इतक्या सढळ हाताने परवाने देऊ नका, अशी त्यांची तक्रार होती. स्पर्धक नको, असा हक्क कोणाला नाही, असे न्यायालयाने ठरविले. सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीचा धंदा करणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे तत्त्व तर त्याच्याही आधी, १९५४ सालच्या सगीर अहमद खटल्यात स्पष्ट झालेले होते.

"मग उद्याच दिवाणी न्यायालयात दावा लावू," असे आम्ही उत्साहाने बोलून गेलो. वकीलसाहेबांनी आमच्याकडे, आम्ही चुकलेल्या विद्यार्थ्याकडे पाहतो, तसे पाहिले. परवान्याच्या प्रश्नात दिवाणी न्यायालयाला दार बंद आहे; कायद्याच्या ९४ व्या कलमानेच ते बंद केले आहे. दाद मागायची ती ८९ व्या कलमाखाली राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणापुढे. तेथे जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाहून खालचा न्यायाधिकारी बसत नाही. उच्च न्यायालयाचा मार्ग आहे, पण हे दार ठोठावल्याशिवाय तेथे गेलात तर बहुधा इकडेच परत पाठवतील. अपिलाला मुदत तीस दिवसांची. त्यांतले अकराच उरले होते.

(जाता जाता एक भाषेची गोष्ट. "दाद मागणे" यातील दाद हा मूळ फारसी शब्द, आणि त्याचा अर्थच न्याय असा आहे. आपल्या पूर्वजांनी शब्द घेतला तोही भीक मागण्याचा नव्हे. आम्ही इतकी वर्षे मराठी शिकविली, पण हा अर्थ आम्हांला त्या संध्याकाळी खऱ्या अर्थाने कळला.)

सत्ताविसाव्या दिवशी ग्वाल्हेरला अपील दाखल झाले. पुढचे महिने कसे गेले ते त्याच्या आईने आम्हांला सांगितले. नवी गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी, आणि तिचा हप्ता भरण्यासाठी हा रात्री दुसऱ्याची गाडी चालवी. तारखेसाठी रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेर गाठायचे, दुपारी पुढची तारीख घेऊन परतायचे. तीनदा तर सरकारी वकिलांनी कागद मागविण्यासाठीच वेळ मागून घेतला. मध्येच एक गृहस्थ त्याला भेटले आणि अपील काढून घेतल्यास "काम करून देतो" म्हणाले. तो डळमळला होता, हे त्याने आमच्यापासून लपविले नाही. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. हप्ता आम्ही भरत नव्हतो.

फाल्गुनात सुनावणी झाली. न्यायाधीशांनी सरकारी पक्षाला एकच प्रश्न विचारला : संख्या ठरविणारी अधिसूचना कोठे आहे? ती दाखविता आली नाही. नकाराचा आदेश रद्द झाला आणि अर्जदाराचे म्हणणे ऐकून नव्याने निर्णय करावा, म्हणून प्रकरण खाली पाठविण्यात आले. त्या दिवशी आमचा विद्यार्थी काहीसा हिरमुसलाच. परवाना तेथेच हातात पडेल अशी त्याची कल्पना होती. अपील जिंकले की वस्तू मिळतेच असे नाही. पुष्कळदा ती मागण्याची दुसरी, बरी संधी मिळते. वैशाखात त्याला बोलावणे आले, म्हणणे ऐकून घेतले गेले आणि परवाना मिळाला. तोवर न चालणाऱ्या गाडीचे अकरा हप्ते त्याने भरले होते. ते पैसे कोणी परत केले नाहीत, करणारही नव्हते.

पुढे २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारचे एक परिपत्रक रद्द केले. ऑटोरिक्षाच्या परवान्यासाठी मराठीचे ज्ञान त्यात सक्तीचे केले होते. मंडळाच्या वाचनालयात त्या दिवशी बराच वाद झाला. मराठीचा पराभव झाला, असे एका वयोवृद्ध सभासदांचे मत पडले. मराठीवर आमचेही पोट आहे आणि प्रेमही आहे. पण परप्रांतात राहून परवाने मागणारी आमचीच मुले डोळ्यांसमोर आली आणि आम्हांला त्या मताला रुकार देता आला नाही. अंगी भाषा असावी ही अपेक्षा रास्त आहे, परंतु परवान्याची अट कायद्याच्या चौकटीत बसलीच पाहिजे, मग ती आपल्या आवडीची का असेना.

परवाना मिळाल्यावर पेढे घेऊन तो घरी आला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक तरुण चालक होता. त्याच्या हातात तशीच पिशवी, पिशवीत तसेच एका ओळीचे पत्र. आम्ही आधी तारीख पाहिली. सव्वीस दिवस झाले होते. घरात चहा उकळत होता, पण तो होण्याची वाट न पाहता आम्ही दोघांनाही वकीलसाहेबांकडे पिटाळले.